सोमवार-गुरुवारची गाडी

त्यांना सगळे सावकाश म्हणत. उभी हयात बस चालवण्यात गेली. घाई असेल तर पायी जावं, नसेल तर सावकाशांच्या बसने, असं लोक म्हणायचे. वळण आलं की हॉर्न, उतार लागला की दुसरा गिअर, लांबवर कुत्रं दिसलं तरी पाय ब्रेकवर. डेपोतले नवे ड्रायव्हर चेष्टा करायचे. पण त्यांच्या बसला कधी ओरखडाही आला नाही. निरोपाच्या दिवशी डेपो मॅनेजरच्या लांबलचक भाषणात ऐकण्यासारखं एवढं एकच वाक्य होतं.

निवृत्त झाल्यावर ते घरी बसले, म्हणजे बायकोच्या डोक्यावर बसले. दाराला तेल कधी घालायचं, दोरीवर टॉवेल कुठल्या टोकाला वाळत घालायचा, दुधाखालचा गॅस किती बारीक करायचा, सगळ्यात लक्ष. आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, इतकी वर्षं हे घर तुमच्याशिवाय चाललंय. आता त्याला ब्रेक नका लावू. बाहेर काहीतरी बघा."

बघायची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात रंगवाले दारात उभे. रंगवाले म्हणजे बाजारातल्या रंगाच्या दुकानाचे मालक आणि गावातल्या सेवा क्लबचे कायमचे अध्यक्ष. कायमचे अशासाठी, की दरवर्षी ते पद सोडतो म्हणायचे आणि दरवर्षी दुसरं कोणी पुढे यायचं नाही. क्लबचं काम आठवड्याच्या वारांनी बांधलेलं होतं. मंगळवारी वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांची नखं कापायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. बुधवारी संध्याकाळी दुकानाच्या माडीवर बैठक, चहा आणि बिस्किटं. बैठकीला उशिरा येणाऱ्याने उभं राहून एक गाणं म्हणायचं, ही शिक्षा. शनिवारी शाळेत मुलांचे दात आणि वजन. रविवारी जमेल ते शिबिर. माणसं चांगली होती, पण सगळी पिकलेली. वृद्धाश्रमातले दोनतीन जण तर क्लबच्या सभासदांपेक्षा वयाने लहान होते, आणि नखं कापून घेताना ते तसं बोलूनही दाखवायचे.

रंगवाले म्हणाले, "एका घरातून क्लबला गाडी मिळालीय. जुनी आहे, पण चालते. सात जण बसतात. आपल्या गावात किडनीचे पेशंट आहेत, ठाऊक आहे ना? त्यांना आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायला शहरात जावं लागतं. घाटापलीकडे."

"मग बस आहे की."

"सकाळची पहिली बस पोचते तोवर पहिली पाळी लागून गेलेली असते. आणि दुपारच्या पाळीला बसवलं तर परतायला बस नाही. तुम्हाला कोणी सांगायचं, तुम्हीच ती चालवायचात."

ते खरं होतं. त्या पहिल्या बसमध्ये, मागच्या सीटवर डोकं टेकून बसलेली एक सुजलेल्या पायांची बाई त्यांना आठवली. पुढे ती दिसेनाशी झाली होती. आपण त्यावर कधी विचारच केला नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आत वळून बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. पण डोळ्यांत तेल घालून चालवा हो, आजारी माणसं आहेत."

अशी सोमवार-गुरुवारची गाडी सुरू झाली. उजाडायच्या आत सावकाश घराघरापुढे गाडी उभी करायचे, हॉर्न न वाजवता खाली उतरून दार ठोठावायचे, हाताला धरून माणूस आणून बसवायचे. येणाऱ्यांची तोंडं बदलत राहिली, पण शेवटी जी तिघं उरली त्यांचीच ही गोष्ट आहे. एक भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त, लग्न केलेलं नाही, घरात एकट्या. त्यांना गाडी लागायची म्हणून त्या पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसत. दुसरा चौकातला न्हावी. दुकान आता भाच्याकडे, पण खिशात कात्री अजून असायची. तिसरी एक तरुण मुलगी. तिच्या बाळंतपणात काहीतरी बिघडलं आणि दोन्ही किडन्या गेल्या. तिला सगळे धाकटी म्हणत. तिची लेक अजून नीट बोलतही नव्हती. नवरा एका गोदामात हमाली करायचा.

जाताना गाडीत बोलणं व्हायचं. न्हावी गिऱ्हाइकांच्या टकलाच्या गोष्टी सांगायचा. बाई घाटात एखादा ओढा दिसला की तो कुठल्या नदीला मिळतो, नदी कुठे जाते, ते समुद्रापर्यंत सांगत न्यायच्या. "बाई, पाण्याचं नाव काढू नका हो," न्हावी विव्हळायचा, आणि सगळे हसायचे. त्या तिघांनाही दिवसाला मोजकंच पाणी पिता यायचं. जास्त झालं की ते अंगात साठायचं, पाय सुजायचे, झोपलं की श्वास कोंडायचा. सावकाशांनी त्यांच्यासमोर कधी घोटभरही पाणी प्यायलं नाही. पाळी संपेपर्यंत ते हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून राहायचे. न्हाव्याला बरं वाटत असलं तर मशीनवरून उठल्यावर तो त्यांची मिशी कातरून द्यायचा. हात थरथरायचा, मिशी एका बाजूला कमी व्हायची, आणि बायको घरी म्हणायची, "आज पेशंटला बरं होतं वाटतं."

येताना मात्र कोणी बोलायचं नाही. पिळून काढलेल्या कपड्यासारखी माणसं सीटवर पडलेली असायची.

पहिल्या वर्षी एक म्हातारे चौकीदार गाडीत यायचे. एका गुरुवारी सावकाशांनी त्यांचं दार ठोठावलं, तर सुनेने ते उघडून नुसती मान हलवली. पुढच्या सोमवारी त्या जागेवर दुसरं कोणी बसलं होतं. मग तीही जागा रिकामी झाली. सावकाशांनी एकदा रंगवाल्यांना विचारलं, "आपल्या गाडीतून आजवर कोणी बरा होऊन उतरलाय का?"

रंगवाले म्हणाले, "बरं व्हायचं औषधच नाही ते. दुसऱ्याची किडनी मिळाली तर मिळाली. आपण फक्त ढकलतोय पुढे."

"किती पुढे?"

"गुरुवारपासून सोमवारपर्यंत."

त्यानंतर सावकाशांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना ते काम समजलं होतं. बसचा प्रवासी उतरायच्या जागी उतरतो, तुमचं काम संपतं. इथे उतरायची जागा एकच होती, आणि ती जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवायची होती.

तिसऱ्या वर्षी घरात छोट्या छोट्या गोष्टी व्हायला लागल्या. ते दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचे. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोवर दचकायचे. "कधी आलीस?" "मघापासून इथेच आहे." गाडी मागे घेताना एकदा हॉस्पिटलच्या फाटकाला आरसा घासला. आयुष्यातला पहिला ओरखडा. त्यांनी तो बोटाने चाचपून पाहिला आणि कोणाला सांगितलं नाही. वय झालं, चष्मा बदलायला हवा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

त्या रविवारी क्लबचं डोळे तपासणीचं शिबिर होतं. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून जागा केलेली. सावकाशांकडे रांग सांभाळायचं काम. दुपारी गर्दी ओसरली, सभासद चहाला गेले, तेव्हा शहरातून आलेली तरुण डोळ्यांची डॉक्टर म्हणाली, "काका, सगळ्यांचे झाले. आता तुमचे बघू, या."

तिने बराच वेळ पाहिलं. यंत्र बदलून पाहिलं. मग एक डोळा झाकायला सांगून स्वतःचं बोट बाजूने आत आणत विचारलं, "दिसलं की सांगा." ते वाट बघत राहिले. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते म्हणाले, "दिसलं."

तिने खुर्ची पुढे ओढली. "काका, हा काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतंय, पण बाजूचं गेलंय. डावीकडचं तर जास्तच. आणि गेलेलं परत येत नाही. थेंब देते, ते कायम घालायचे, म्हणजे उरलंय ते टिकेल. तुम्ही काय करता?"

"गाडी चालवतो."

तिने यंत्र बाजूला सारलं. मग म्हणाली, "आजपासून नाही चालवायची."

"उद्या सोमवार आहे," सावकाश म्हणाले.

तिला ते समजायचं काही कारण नव्हतं. तिने थेंबांची चिठ्ठी लिहून दिली, आणखी दोनदा समजावलं. तेवढ्यात चहा घेऊन लोक परत आले आणि बाकं जागेवर लावायची गडबड सुरू झाली.

सोमवारी ते गाडी घेऊन निघाले. कोणाला काही न सांगता, अगदी बायकोलाही नाही. एकाच फेरीचा प्रश्न आहे, बुधवारी बैठकीत सांगू, असं स्वतःला समजावलं. घाट उतरल्यावर शेतातून येणाऱ्या एका कच्च्या वाटेवरून एक सायकलवाला रस्त्यावर आला. डावीकडून.

"अहो, डावीकडे!" भूगोलाच्या बाई किंचाळल्या.

ब्रेक लागला. मागची दोघं पुढच्या सीटवर आदळली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. सावकाशांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. शाळेत जन्म गेलेला, खोटं बोलणारं पोर ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

"तुम्हाला तो दिसलाच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही दिसला, बाई."

मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग डावीकडची काच खाली केली. म्हणाल्या, "चला. डावी बाजू मी सांगते."

बुधवारच्या बैठकीत सावकाश बोलले नाहीत. त्यापुढचे काही आठवडे ती गाडी दोघांनी मिळून चालवली. बाई पुटपुटत राहायच्या. "डावीकडे बाई आणि मूल. थांबलेत. डावीकडे ट्रॅक्टर. जाऊ द्या त्याला." जाताना हे ठीक होतं. येताना बाईंच्या अंगात त्राण नसायचं. डोळे मिटायला लागले की त्या स्वतःच्या दंडाला चिमटा काढायच्या, आणि त्या फुगलेल्या शिरांच्या हातावर काळेनिळे डाग उठायचे. हाताला धरून उतरवताना ते डाग सावकाशांना समोर दिसायचे. ते त्यांना सहन होईना.

एकदा गाडी पेट्रोल पंपावर थांबलेली असताना धाकटी मागून म्हणाली, "काका, मला माहीत आहे."

सावकाशांनी मान वळवली.

"मी झोपते असं तुम्हाला वाटतं. मला झोप नसते येत. बाई काय सांगतात ते ऐकते मी." तिने पदर चेहऱ्यावरून फिरवला. "थांबू नका, काका. तुम्ही थांबलात तर मी नक्की मरणार. तुम्ही चालवलीत तर कदाचित मरणार. मला कदाचित चालतं."

न्हावी म्हणाला, "मलापण." त्याने त्यात एखादा विनोद जोडायचा प्रयत्न केला, पण तो जुळला नाही.

सावकाशांनी त्या दिवशी सगळ्यांना घरी सोडलं. स्वतःच्या घरापुढे गाडी लावली आणि आत बसूनच राहिले. बायको बाहेर आली. त्यांनी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती बाजूच्या सीटवर येऊन बसली.

"ती तिघं हो म्हणाली," ते म्हणाले. "पण त्या सायकलवाल्याला कोणी विचारलंय? त्याच्याही घरी कोणी असेल. उद्या शाळेतून येणारं एखादं पोर डावीकडून आलं, आणि बाईंचा तेवढ्यात डोळा लागलेला असला, तर?"

"मग थांबा."

"थांबलो तर या तिघांना मारलं असं होतं."

बायकोने हात पुढे केला. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली.

बुधवारच्या बैठकीत त्यांनी सांगितलं. शिबिरापासून लपवलं होतं, तेही सांगितलं. कोणी दोष दिला नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकाचे हात कापायचे. दुसऱ्याच्या छातीत यंत्र बसवलेलं. तिसऱ्याला गाडी यायची, पण त्याने घाटात कधी नेली नव्हती आणि आता या वयात धीर होत नव्हता. रंगवाले म्हणाले, "सोमवारी मी नेतो."

ते गेलेही. काही फेऱ्या त्यांनीच केल्या. त्यांचीही सत्तरी उलटलेली. एकदा परतताना घाटात त्यांना चक्कर आली, गाडी कडेला घेऊन ते डोकं धरून बसले, आणि धाकटीच त्यांना वारा घालत राहिली. मग मुलाने बापाला बजावलं, बस झालं. एक पगारी ड्रायव्हर मिळाला. चांगला होता. शहरात एका कंपनीत कायमची नोकरी लागल्यावर तो गेला, जायलाच हवं होतं. त्याच्यानंतर आलेला एका गुरुवारी आलाच नाही. तिघं आपापल्या ओट्यावर बसून राहिली, ऊन वर येईपर्यंत.

सावकाश डेपोत गेले. पहिली बस अर्धा तास आधी सोडा, एवढंच मागणं. मॅनेजर नवा होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "काका, वेळापत्रक वरून येतं," म्हणाला. वरच्यांकडे अर्ज गेला. हॉस्पिटलकडे गेला, पहिली पाळी जरा उशिरा लावा म्हणून. तिथे रांगेत इतके होते की पाळी सोडणाऱ्याची जागा घ्यायला लोक टपलेले. कॉलेजातल्या मुलांना सांगून पाहिलं. दोघं आली, एकदोन वेळा जाऊन आली, परीक्षा लागल्या. कोणी वाईट वागलं नाही. प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी, हेही सावकाशांना कळेना.

आठवड्याला दोन फेऱ्या होत्या, त्याची एक झाली. मग तीही चुकायला लागली.

न्हाव्याला त्याचा मेहुणा शहरात घेऊन गेला. तिथे एका खोलीत आधीच पाच माणसं. चुकलेल्या फेऱ्यांनी न्हावी आधीच खचला होता; महिनाभरात तो गेल्याची बातमी त्याच्या भाच्याने दुकान बंद ठेवून सांगितली. भूगोलाच्या बाईंनी मात्र कोणालाच धावपळ करू दिली नाही. सावकाश बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास लागत होता. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता.

"टॅक्सी सांगतो, बाई. आत्ता निघू."

"आणि गुरुवारी?"

सावकाशांनी हातातला फोन परत खिशात ठेवला.

"मग गुरुवारी पुन्हा हेच. नको." त्या मधेच थांबून दम घेत होत्या. "मला एक द्या. पाणी. पेलाभर. थंड."

सावकाशांनी बायकोकडे पाहिलं. ती उठली आणि पेला भरून घेऊन आली. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायला, मधे न थांबता, शाळेतून पळत घरी आलेल्या मुलासारखा. मग म्हणाल्या, "अजून." दोन दिवसांनी त्या गेल्या.

धाकटी जगली. म्हणजे अजून आहे. तिच्या नवऱ्याने गोदाम सोडलं आणि हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालची एक खोली घेतली. दिवसा तो मिळेल ते काम करतो. खोलीत खिडकी नाही, दमट आहे, म्हणून लेकीला इकडे आजीकडे ठेवलंय. लेक आता चांगली बोलते. आईशी फोनवर बोलायला मात्र येत नाही, दाराआड जाऊन उभी राहते. सावकाश तिला अधूनमधून बघायला जातात. ती त्यांना विचारते, "तुम्ही माझ्या आईला नेलं ना?" ते म्हणतात, "हो." त्यापुढे काय सांगायचं ते त्यांना सुचत नाही.

क्लब चालू आहे. मंगळवारी नखं, बुधवारी चहा, शनिवारी दात. गाडी दुकानाच्या मागे उभी आहे, तिच्या चाकांतली हवा गेलीय. यंदा वार्षिक समारंभात क्लबने सावकाशांचा सत्कार करायचं ठरवलं. ते नको म्हणत होते. रंगवाले म्हणाले, "अहो, तेवढ्यासाठी चार लोक येतील. आपल्या कामाचं कळेल." बायकोने त्यांना इस्त्री केलेला सदरा घातला, हाताला धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं. हॉल भरला होता. तरुण माणसंही बरीच होती. मानचिन्ह हातात दिलं, फोटो झाले, आणि रंगवाल्यांनी माईक पुढे केला. दोन शब्द बोला.

सावकाश उठले. त्यांना समोरच्या दोन खुर्च्या दिसत होत्या, बाकी सगळं धुकं.

"गावात पुन्हा दोन पेशंट झालेत," ते म्हणाले. "एक बेकरीवाले आहेत. एक शाळेतली मुलगी आहे, नववीतली. मला एवढंच विचारायचंय. तुमच्यापैकी गाडी कोणाकोणाला येते? जरा हात वर करा."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कोणीतरी हसलं.

"सोमवारी आणि गुरुवारी, उजाडायच्या आधी निघायचं असतं. दुपार टळल्यावर परत. ज्यांना जमेल त्यांनी हात वरच ठेवा."

ते वाट बघत उभे राहिले. मग मागून एकाने टाळ्या सुरू केल्या, आणि सगळ्या हॉलने त्या उचलून धरल्या. पुष्कळ वेळ वाजत होत्या. रंगवाल्यांनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच खाली बसवलं.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी बायकोला विचारलं, "किती हात होते गं?"

"बरेच होते."

"आणि नंतर?"

तिने त्यांचा दंड घट्ट धरला. "पुढे पायरी आहे," ती म्हणाली. "जपून उतरा."